मिड-पॉवर रॉकेट: किटच्या खोक्यापासून दुसऱ्या उड्डाणापर्यंतच्या नोंदी

१८ जानेवारी. भाग तपासणी

किट २.६ इंची आहे, म्हणजे नळीचा बाहेरचा व्यास ६६ मि.मी. आणि आत २९ मि.मी.चं मोटर माउंट (मोटर धरणारी नळी). मोटरचा एकूण आवेग २० न्यूटन-सेकंदांच्या वर आणि १६० च्या आत, म्हणजे ई, एफ आणि जी हे वर्ग, याला मिड-पॉवर म्हणतात. त्याच्या वर एच वर्ग, आणि तिथून अमेरिकेत लेव्हल १ प्रमाणपत्र लागतं.

गोंदाची बाटली उघडण्याआधी प्रत्येक भाग तोलून लिहून ठेवला. नोजकोन ८५ ग्रॅम. वरची नळी (४५० मि.मी.) ८५, खालची (४६० मि.मी.) ८७. कपलर (दोन नळ्या जोडणारी आखूड नळी), बल्कहेड (नळी बंद करणारी चकती) आणि आय-बोल्ट मिळून ४२. मोटरची नळी (२०० मि.मी.) आणि दोन प्लाय रिंगा ३२. तीन फिन (शेपटीचे पंख), ३ मि.मी. बर्च प्लाय, मिळून ६६. नळ्या प्रकाशासमोर धरून आतल्या चिरा बघितल्या, कपलर दोन्ही नळ्यांत घालून बघितला. वरच्या नळीत घट्ट, खालच्या नळीत सैलसर. हे बरोबर उलटं असतं तर त्रास होता, कारण वर कपलर कायमचा चिकटतो आणि खाली तो हवेत सुटायचा असतो.

किटमधल्या दोन गोष्टी बाजूला ठेवल्या: १.२ मीटरचा इलॅस्टिक शॉक कॉर्ड (सुटलेले दोन भाग एकत्र ठेवणारी दोरी) आणि २४ इंची पॅराशूट. कारणं पुढे.

१९ जानेवारी. कागदावरचं रॉकेट

ओपनरॉकेटमध्ये मोजलेली वजनं भरली. हे मोफत सॉफ्टवेअर सॅम्पो निस्कानेन यांच्या २००९ च्या हेलसिंकीतल्या प्रबंधातून आलं. दाबकेंद्र (हवेचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू, तो गुरुत्वमध्याच्या मागे हवा) काढायची त्याची मूळ पद्धत जेम्स बॅरोमन यांची, १९६० च्या दशकातली. किटची तयार फाइल मिळाली तरी तिच्यातली वजनं पुसून आपली टाकावीत. तयार फाइलमध्ये गोंद आणि रंग जवळजवळ कधीच धरलेले नसतात.

दाबकेंद्र नाकाच्या टोकापासून ९०३ मि.मी.वर आलं. ते आकारावरून ठरतं, त्यामुळे आता हलणार नाही. हलतो तो गुरुत्वमध्य. जी६४ मोटर (जी वर्ग, सरासरी जोर ६४ न्यूटन) भरून, गोंद-रंग शून्य धरले तर तो ७९७ वर येतो, म्हणजे १०६ मि.मी. पुढे, १.६ व्यास. ४५ ग्रॅम गोंद आणि ३५ ग्रॅम रंग धरले की ८०७, फरक १.४५ व्यास. किमान एक व्यास हवाच, दोनच्या वर गेलं की रॉकेट वाऱ्याकडे फार वळतं. दिवाळीतल्या बाणाला काडी लावतात ती यासाठीच: दाबकेंद्र मागे नेण्यासाठी. इथे ते काम फिन करतात आणि गोंद ते बिघडवतो.

नवशिक्या हातांनी शेपटीत १२० ग्रॅम इपॉक्सी सहज जातं. तसं करून पाहिलं (फाइलमध्येच): गुरुत्वमध्य ८२९, फरक १.१ व्यास. शेपटीत वाढलेल्या दर १० ग्रॅमला नाकात साधारण साडेचार ग्रॅम घालावे लागतात, तेव्हा तो जागेवर राहतो. म्हणून या बांधणीत गोंद ४५ ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचा नाही.

२० जानेवारी. मोटर निवड

माउंट २९ मि.मी.चं आहे म्हणून एस्टीज कंपनीची काळ्या दारूची एफ१५ मोटर आत छान बसते, आणि इथेच बरेच जण फसतात. रॉकेट भरून सुमारे ७१५ ग्रॅम होईल, म्हणजे ७ न्यूटन वजन. १५ न्यूटन सरासरी जोर म्हणजे जेमतेम दुप्पट. सुरुवातीचा २५ न्यूटनचा झटका धरला तरी साडेतीन पट. सरासरी जोर वजनाच्या पाचपट हवा. नाहीतर रेल (उड्डाणाची उभी पट्टी) सुटताना वेग इतका कमी असतो की फिनांवर हवेचा पुरेसा दाबच नसतो, आणि रॉकेट आडवं पडून उडतं.

एरोटेक कंपनीच्या २९/४०-१२० केसिंगमधल्या (पुन्हा वापरायचं कवच) दोन रीलोड (त्यात भरायचं इंधन) ठरवल्या. एफ४०: ४० भागिले ७.२३, म्हणजे ५.५. जी६४: ६४ भागिले ७.४८, म्हणजे ८.६. पहिलं उड्डाण एफवर, कारण ते जवळ पडेल आणि सगळं डोळ्यांना दिसेल.

कायद्याच्या बाजूने: एकूण वजन १५०० ग्रॅमच्या आणि इंधन १२५ ग्रॅमच्या आत, त्यामुळे एफएएच्या (अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन) वर्ग १ मध्ये, वेगळी परवानगी लागत नाही. कॅलिफोर्नियात मात्र राज्याच्या फायर मार्शलने मंजूर केलेल्याच मोटरी चालतात, आणि मैदानालाही परवाना हवा. म्हणून उड्डाण क्लबच्या दिवशी, मोहावी वाळवंटातल्या ल्युसर्न ड्राय लेक या कोरड्या तलावावर.

२५ जानेवारी. मोटर माउंट

मोटरच्या नळीचा गुळगुळीत थर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने जिथे रिंगा आणि फिन चिकटणार तिथेच घासून काढला. या थरावर लावलेला गोंद वरवर घट्ट दिसतो आणि पहिल्या जोरदार उतरणीत कागदाच्या सालीसकट सुटतो.

गोंद पिवळा, लाकडाचा. फेव्हिकॉलच्या भाऊबंदांपैकीच, पण लवकर पकडणारा. कागद आणि लाकूड यांच्या सांध्याला इपॉक्सीची गरज नाही. पिवळा गोंद वाळून पाणी उडालं की अर्ध्या वजनाच्या आसपास येतो, इपॉक्सी जेवढं लावलं तेवढं राहतं. इपॉक्सी दोनच ठिकाणी वापरलं: रिंग नळीत सरकवताना आणि कपलरला. तिथे पिवळा गोंद अर्ध्यात पकडतो आणि मग रिंग ना पुढे जाते ना मागे.

वरच्या रिंगेला खाच पाडून त्यातून केव्हलारची दोरी नेली आणि मोटरच्या नळीला गाठ मारून इपॉक्सीने बुजवली. दोरीची लांबी रिंगेपासून २२० मि.मी., म्हणजे वरचं टोक नळीच्या तोंडाच्या आत ४० मि.मी. राहतं. केव्हलार सहज जळत नाही, म्हणून मोटरजवळ तेच हवं. पण तीच बारीक दोरी नळीच्या कडेवर ताणली गेली तर करवतीसारखी नळी चिरत खाली येते. झिपर म्हणतात त्याला. नळीच्या बाहेर म्हणून चपटी नायलॉन पट्टी, ३.५ मीटर, रॉकेटच्या लांबीच्या तिप्पट. इलॅस्टिक याच कारणाने काढलं: ते ताणून साठवलेली ताकद परत देतं आणि वरचा भाग खालच्यावर आदळतो.

मोटरच्या नळीत थांबा देणारी रिंग बसवलेली नाही. एरोटेकच्या मागच्या झाकणाला कड असते, जोर तीच नळीच्या तोंडावर देते.

२६ जानेवारी. माउंट नळीत

क्रम महत्त्वाचा. फक्त वरची रिंग चिकटवली. मागची रिंग कोरडीच, मोटरची नळी मध्यात राहावी म्हणून तात्पुरती घातली. तिला मास्किंग टेपची दोन कानं लावली, ओढून काढण्यासाठी. मागची रिंग आधीच चिकटवली तर फिनच्या आतल्या बाजूला फिलेट (सांध्याच्या कोनात भरलेली गोंदाची रेघ) घालायला वाटच उरत नाही, आणि खरी ताकद आतल्या फिलेटमध्येच आहे.

गोंद नळीत लावताना तो फिनच्या फटींच्या पुढे, वरच्या बाजूला पडला पाहिजे. लांब काडीला टेपने खूण करून नेमक्या अंतरावर लावला. फटींमधून ओघळलेला गोंद ओल्या कापसाने लगेच पुसला. वाळलेला एक थेंबही फिनचा पाय (फटीतून आत जाणारा भाग) वर उचलतो.

१ फेब्रुवारी. फिन

पुढची कड गोल, मागची कड निमुळती, १२० आणि मग २२० नंबरचा कागद. फिनचा पाय १७ मि.मी., नळीच्या बाहेरून मोटरच्या नळीपर्यंतचं अंतर १७.५. अर्धा मि.मी. फट गोंदाने भरते. पाय लांब असता तर घासावा लागला असता, कारण जबरदस्तीने बसवलेला फिन मोटरची नळी चेपतो आणि मोटर आत जात नाही. म्हणून प्रत्येक फिन बसवल्यावर रिकामं केसिंग आत-बाहेर करून बघितलं.

सरळपणासाठी पुठ्ठ्यात १२० अंशांची चौकट कापून वापरली. नळीचा परीघ २०७ मि.मी., तेव्हा दोन फिनांमधलं अंतर ६९ आलं पाहिजे. मागे आणि पुढे दोन्हीकडे मोजलं. फिन मधल्या रेषेपासून एखादा अंश तिरका असेल तर रॉकेट गिरक्या घेत जातं. त्याने पडत नाही, उंची मात्र जाते.

मागची रिंग काढली. मोटरची नळी आणि फिन, बाहेरची नळी आणि फिन (आतून), अशा बारा रेघा पिवळ्या गोंदाच्या. एका वेळी एकाच दिशेच्या, आडवं ठेवून, दर दोन तासांनी फिरवत. घाईत सगळ्या एकदम घातल्या तर गोंद वाहून एका बाजूला साचतो. एका जाड थराऐवजी दोन पातळ थर: जाड थरात बुडबुडे धरतात आणि आकसताना मध्यात चीर पडते.

२ फेब्रुवारी

मागची रिंग चिकटवली, मोटरची नळी ६ मि.मी. बाहेर ठेवून. त्यावर रिटेनर (मोटर निसटू न देणारं आट्यांचं झाकण), जेबी वेल्ड या इपॉक्सीने, कारण इथे उष्णता पोहोचते आणि साधं पाच मिनिटांचं इपॉक्सी मऊ पडतं. आट्यांवर आधी व्हॅसलीनचा पुसट थर, म्हणजे सांडलेलं धरत नाही. २४ तास हात लावायचा नाही.

बाहेरचे फिलेट ८ फेब्रुवारीला. शेपटीचं वजन घेतलं: आतापर्यंत गोंद ३४ ग्रॅम. हिशोबात आहे.

९ फेब्रुवारी. कपलर, बटणं, भोकं

कपलर वरच्या नळीत ६५ मि.मी. चिकटवला, ६५ बाहेर. बल्कहेडच्या वर अल्टिमीटरचा (उंची मोजणारं यंत्र) कप्पा, नोजकोन त्यावर दोन छोट्या स्क्रूंनी. त्या कप्प्याला ३ मि.मी.चं एक भोक, नाहीतर अल्टिमीटरला बाहेरचा दाब कळत नाही. खालच्या नळीलाही एक ३ मि.मी.चं भोक. हे विसरलं तर वर जाताना बाहेरचा दाब कमी होतो, आतली हवा कोंडते आणि सैल कपलर वेळेआधीच सुटू शकतो.

रेल बटणं (रेलच्या खाचेत सरकणारी): एक मागच्या रिंगेत, दुसरं वरच्या रिंगेत, दोन फिनांच्या बरोबर मध्यावरच्या रेषेवर. वरचं बटण गुरुत्वमध्याजवळ असावं असा सल्ला सर्रास मिळतो. इथे गुरुत्वमध्य पॅराशूटच्या कप्प्यात येतो. तिथे स्क्रूचं टोक आत राहील आणि नायलॉन त्यात अडकेल. म्हणून रिंगेच्या लाकडात, आधी २.५ मि.मी.चं भोक, त्यात पातळ सुपरग्लूचे दोन थेंब, वाळल्यावर स्क्रू. बटणं जवळजवळ आली आहेत, पण चालतं.

याचा एक फायदाही आहे. वरचं बटण रेलबाहेर पडेपर्यंतच रॉकेट धरलेलं असतं. आता ते शेपटीपासून १९५ मि.मी.वर आहे. आठ फुटी रेलवर सव्वादोन मीटर धाव मिळते, आणि एफ४० वर सुटण्याचा वेग निघतो १४ मीटर प्रतिसेकंद. सहा फुटी रेलवर हाच १२. आठ फुटीच मागायची.

१५ ते २३ फेब्रुवारी. रंग

पातळ केलेली पुट्टी नळीच्या चिरांत, घासून सपाट, फिलर प्रायमरचे दोन हात, ३२० आणि ४०० नंबर. कागदी नळीवर पाणी लावून घासायचं नाही. प्लास्टिकचा नोजकोन आधी साबणाने धुतला, साच्याचं तेल राहिलं तर रंग टरफलासारखा निघतो. खाली काळा, वर चमकता नारिंगी. तलावाचा तळ फिकट मातीरंगाचा आहे, त्यावर पांढरं रॉकेट शोधत बसावं लागतं. कपलरच्या उघड्या भागावर रंग अजिबात नको.

१ मार्च. पॅराशूट आणि तोल

किटचं २४ इंची पॅराशूट का नाही: उतरताना वजन ६९० ग्रॅम, ल्युसर्नची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ८७० मीटर, हवा थोडी विरळ. उतरण्याचा वेग येतो ७.५ मीटर प्रतिसेकंद. ३० इंचीवर ६. वाळलेल्या चिखलाच्या कडक तळावर सहा हीच मर्यादा. त्याहून मोठं घेतलं तर वारा लांब नेतो: ५०० मीटरवरून सहाच्या वेगाने उतरायला ८३ सेकंद, वारा ताशी १८ कि.मी. असला तर ४१५ मीटरची पायपीट.

पॅराशूट पट्टीच्या वरच्या तिसऱ्या भागात बांधलं. म्हणजे दोन्ही तुकडे वेगवेगळ्या उंचीवर लटकतात, एकमेकांवर आपटत नाहीत.

मोटरशिवाय पूर्ण वजन ६१२ ग्रॅम. केसिंगमध्ये वाळूची पुडी घालून १५० ग्रॅम केलं, सुरीच्या पात्यावर तोलून पाहिलं: ८०७ मि.मी. दाबकेंद्राची खूण (९०३) आणि ही, दोन्ही नळीवर बारीक अक्षरात लिहिल्या. सुरक्षा अधिकारी तपासणीत हेच आधी विचारतो.

कपलरची घट्टता: नाक धरून उचललं तर खालचा भाग लटकून राहावा, हलका झटका दिला की सुटावा. मोटरच्या नळीतून जोरात फुंकलं तेव्हा टप आवाज करून निघाला. गरज पडली तर मास्किंग टेपची एक फेरी द्यायची किंवा काढायची.

७ मार्च. रीलोड जुळवणी, एफ४०-७

सूचनापत्रक समोर ठेवून, टेबलावर दुसरं काही नाही. ओ-रिंगांना बोटाने पातळ ग्रीस, इंधनाच्या नळकांड्याला ग्रीसचा डागही नको. पुढची ओ-रिंग चिमटली किंवा राहिली तर गरम वायू विलंबाच्या कांडीला (इंधन संपल्यावर पॅराशूट सुटेपर्यंत हळू जळणारी) वळसा घालून वर जातो आणि पॅराशूट पूर्ण वेगात बाहेर फेकलं जातं. झाकणं हाताने घट्ट, पक्कड नाही. शेवटी पुढच्या झाकणात पॅराशूट बाहेर ढकलणारी काळी दारू आणि वर कागदी टोपी. ही दारू भरायची राहिली तर रॉकेट सुंदर उडतं आणि तसंच नाक खाली करून जमिनीत जातं. म्हणून भरल्यावर केसिंगवर टेप लावून ‘दारू भरली’ लिहायची पद्धत क्लबांत आहे, आणि ती पाळावी.

ज्वालक आताच घालायचा नाही. तो रेलवर, रॉकेट उभं केल्यावर.

विलंब ७ सेकंद का: सिम्युलेशनमध्ये इंधन संपल्यावर शिखर गाठायला ६.५ सेकंद. विलंबाच्या कांडीत दोन्ही बाजूंना सेकंद-दीड सेकंद फरक धरावाच लागतो.

८ मार्च. पहिलं उड्डाण, ल्युसर्न ड्राय लेक

सकाळी लवकर, कारण मोहावीत दुपारी वारा उठतो. क्लबची मर्यादा ताशी ३२ कि.मी., पण एफ४० साठी तेवढ्यावर जाऊ नये. सुटण्याचा वेग वाऱ्याच्या चौपट हवा, म्हणजे ताशी १२ च्या आसपास थांबायचं.

पॅराशूटवर थोडी टाल्कम पावडर (थंडीत नायलॉन स्वतःला चिकटून बसतं), घडी, दोऱ्या आत, नोमेक्सच्या (आगरोधक कापड) चौकोनात गुंडाळून. रेल सरळ उभी. ज्वालक पार वरच्या टोकाला लागेपर्यंत आत. कॉम्पोझिट इंधन वरून पेटलं पाहिजे, अर्ध्यावर पेटवलं तर फुसफुसतं आणि दाब धरत नाही. रेलपासून अंतर ९ मीटरच्या पुढे, १२ व्होल्ट. पेटलं नाही तर एक मिनिट कुणी जवळ जायचं नाही.

सरळ गेलं, शेवटी थोडं वाऱ्याकडे वळलं. शिखराच्या अगदी जवळ पॅराशूट सुटलं. अल्टिमीटर: २९१ मीटर. सिम्युलेशन: ३१५.

तळावर एका फिनवर आदळलं. बाहेरच्या फिलेटला केसाएवढी चीर, आतलं सगळं शाबूत. फिन दोन्ही बाजूंना ढकलून पाहिला, हलत नाही.

केसिंग कोमट असतानाच उघडून ओल्या फडक्याने पुसलं. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं तर काजळी दगडासारखी होते.

२२ मार्च. दुरुस्ती, आकड्यांची जुळणी

चीर व्ही आकारात खरवडून पातळ इपॉक्सी. वजन ४ ग्रॅम वाढलं, गुरुत्वमध्य मोटरशिवाय ७३८ वरून ७४०. चालेल.

सिम्युलेशनमधला वायुरोध गुणांक ०.६ होता. तो ०.७२ केला की २९४ येतात. फिनांच्या कडा आणि बटणं हिशोबापेक्षा जास्त रोध देतात, हे अपेक्षितच. त्याच गुणांकाने जी६४: ४६५ मीटर, शिखर ७.५ सेकंदांनी. विलंब ७ चा निवडला. दहाचा घेतला तर अडीच सेकंद उशीर, म्हणजे पडण्याचा वेग २५ मीटर प्रतिसेकंदाच्या जवळ, आणि त्या वेगात पॅराशूट उघडलं की नळी किंवा शिवण, दोन्हींपैकी एक जातं. अर्धा सेकंद लवकर सुटलेलं परवडतं.

१२ एप्रिल. दुसरं उड्डाण, जी६४-७

त्याच रेलवरून, सुटण्याचा वेग १८ च्या आसपास. वळणं जवळजवळ नाही. अल्टिमीटर ४७१ मीटर. पॅराशूट सुटताना रॉकेट अजून वर जात होतं, पण हळू. झिपर नाही.

नोमेक्सचा एक कोपरा दुमडला होता, तिथून पॅराशूटला मटाराएवढं भोक पडलं. नायलॉन वितळून कडा कडक झाली आहे, म्हणून पसरणार नाही. तरी दोन्ही बाजूंनी रिपस्टॉप टेपचे इंचभर तुकडे लावले. पुढच्या वेळी नोमेक्स १२ इंची घ्यायचा, आताचा ९ इंची या घडीला अपुरा पडतो.

रिटेनर घट्ट, फिलेटची दुरुस्ती तशीच. वापरलेल्या ओ-रिंगा फेकल्या, केसिंग धुऊन वाळवलं. वजन ६१६ ग्रॅम.